आपले पाय, आपली वाट

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



आजचा विषय साधा आहे. उतारवयात आपण घराबाहेर कशा पडणार? विषय साधा, पण त्यात आपले सारे स्वातंत्र्य अडकलेले आहे. दवाखाना, बँक, भाजीबाजार, देऊळ, माहेर, ह्यांपैकी कुठेही जायचे तर ‘मुलाला सवड झाली की’ असे म्हणायची पाळी आली, की बाई घरात असूनही परकी होते. मग ती जाणेच टाळते. गुडघा दुखतो, डोळ्यांना धूसर दिसते, तरी ‘एवढ्यासाठी कुणाला त्रास द्यायचा’ म्हणून गप्प बसते. दुखणे वाढते ते अशा गप्प बसण्याने.

चालण्याचा वारसा तर आपल्या गावाचाच आहे. १९३२ साली विनोबा वर्ध्याहून दोन मैलांवरच्या ह्या नालवाडीत राहायला आले. पुढे १९५१ पासून भूदानासाठी त्यांनी वर्षानुवर्षे देश पायी पालथा घातला. पण हेच विनोबा १९३८ साली प्रकृती खालावली तेव्हा पवनारला मोटारीने गेले. शक्य तेव्हा चालावे, शरीर नको म्हणेल तेव्हा वाहनात बसावे. ह्यात कमीपणा कसला?

आता वाहनांचे पाहू. १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त स्त्रियांना निम्मे भाडे झाले. त्याआधी २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना राज्याच्या हद्दीत प्रवास मोफत झाला. त्यासाठी वयाचा पुरावा जवळ हवा, म्हणून आधारकार्ड पिशवीतच ठेवा. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मात्र मार्च २०२० मध्ये थांबवली गेली. तिच्या भरवशावर पैशांचा हिशेब मांडू नका. ४५ वर्षांवरील स्त्रियांसाठी खालच्या बाकांचा कोटा आहे. एका तिकिटावर एकट्या किंवा दोघीच असाल तर तो मागा. वरच्या बाकावर चढण्याची कसरत वाचेल.

ज्या भगिनी स्कूटर चालवतात त्यांनी एक लक्षात ठेवावे. पंचावन्नाव्या वर्षानंतर परवाना एका वेळी पाचच वर्षांसाठी मिळतो, आणि त्यासाठी डॉक्टरांचा दाखला लागतो. पण सरकारी तारखेची वाट कशाला पाहायची? रात्री समोरचा दिवा डोळ्यांवर येऊ लागला, मान वळवून मागचे पाहता येईना, की आधी रात्रीचे चालवणे सोडावे, मग गर्दीचे रस्ते. आणि सोडण्याआधीच दुसरी सोय लावून ठेवावी. एकदम सगळे सुटले तर मन खचते.

ही सोय आजच, हातपाय धड आहेत तोवर करायची. ओळखीच्या दोन रिक्षावाल्यांचे क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावा. एकच असला तर नेमका त्या दिवशी तो गावाला गेलेला असतो! अकस्मात दुखण्यासाठी १०८ ची मोफत रुग्णवाहिका आहे, तोही आकडा तिथेच लिहा. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात नेहमीच्या तपासणीला जाणाऱ्या तिघी-चौघींनी एकच दिवस ठरवून एक रिक्षा करावी. भाडे वाटले जाते आणि रांगेत सोबतही होते. एखाद्या बसने एकदा सोबतीने जाऊन या: पायरी किती उंच, थांबा कुठे, सावली आहे का, उतरल्यावर किती चालायचे. पाहिलेल्या वाटेची भीती वाटत नाही. आपल्या वर्ध्याच्या उन्हाळ्यात मात्र बाहेरची कामे सकाळीच उरकावीत.

मंडळाला माझी एक विनंती आहे. ह्या वर्षी आपण एक वही घालू या. कोणाला कुठल्या दिवशी कुठे जायचे ते तिच्यात लिहावे, आणि त्याच वाटेने जाणारीने तिला सोबत घ्यावे. उपकार म्हणून नव्हे. आज तिची पाळी, उद्या आपली.

सुनांना आणि लेकींनाही सांगते: सासूला, आईला ‘तुम्ही बसा, आम्ही आणतो’ असे प्रेमाने म्हणता, पण कधी ‘चला, तुम्हाला नेऊन आणते’ असेही म्हणा. वस्तू घरी येते, पण बाजारातल्या चार ओळखी घरी येत नाहीत.