चाळिशीत नवे कसब



नागपूरच्या गांधीसागर तलावाजवळून जाताना एम्प्रेस सिटी नावाची मोठी इमारत आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. त्या जागेवर १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. विदर्भातला कापूस विदर्भातच कातला जावा, विणला जावा, हा त्यामागचा विचार. उणीपुरी सव्वाशे वर्षे त्या मिलच्या भोंग्यावर शहराच्या निम्म्या वस्त्यांचे घड्याळ चालले. १९८६ साली ती राज्य वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि २००२ साली कायमची बंद झाली.

मिल बंद होते म्हणजे नेमके काय होते? वीस वर्षे साचा चालवलेला माणूस एका सकाळी उठतो आणि त्याच्या कसबाला गिऱ्हाईक उरलेले नसते. हात तेच, अंगमेहनतीची तयारी तीच. पण त्या हातांना जे येते ते आता कोणाला नको असते. वय चाळीस, बेचाळीस. मुले शाळेत, एखादी मुलगी लग्नाची. आणि हे केवळ गिरणी कामगारांच्याच वाट्याला येते असे नाही. दोन एकर कोरडवाहूवर भागत नाही म्हणून शहराची वाट धरणारा कास्तकार घ्या, दुकान बसलेला छोटा व्यापारी घ्या, यंत्र आल्यामुळे काम गेलेला मजूर घ्या. या सर्वांपुढे प्रश्न एकच आहे. अर्धे आयुष्य सरल्यावर नवा धंदा शिकता येतो का? आणि तीन महिन्यांत, सहा महिन्यांत कारागीर करून देतो असे सांगणाऱ्या झटपट वर्गांवर कितपत विसंबावे? त्याविषयी आज थोडे बोलायचे आहे.

प्रथम हे लक्षात घ्या की झटपट शिक्षण ही काही नवी युक्ती नव्हे. पहिल्या महायुद्धात अमेरिकेला एकदम पुष्कळ जहाजे बांधायची होती आणि कुशल माणसे तर थोडी. तेव्हा चार्ल्स ॲलन नावाच्या एका धंदेशिक्षकाने शिकवण्याच्या चार पायऱ्या ठरवून दिल्या. आधी शिकणाऱ्याचे मन तयार करावे. मग काम करून दाखवावे. मग त्याच्याकडून करवून घ्यावे. आणि शेवटी तो एकटा ते करू शकतो का, हे तपासावे. दुसऱ्या महायुद्धात हीच पद्धत पुन्हा उपयोगी पडली. आपल्याकडेही १९४० साली युद्धकार्यासाठी कारागीर तयार करण्याची सरकारी योजना निघाली. १९४५ साली सैन्यातून परतणाऱ्यांच्या पुनर्वसनासाठी स्वतंत्र खाते उघडण्यात आले आणि १९५० साली कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली. आज ज्यांना आपण आयटीआय म्हणतो, त्या संस्था याच वाटेने आल्या.

पण यातली गोम पाहा. युद्धकाळात थोड्या आठवड्यांत जो माणूस तयार होई, तो सबंध धंदा शिकलेला नसे. धंद्याचा एक तुकडा तो शिके. एकच सांधा, एकच भोक, एकच जोड. शेजारी बाकीचे तुकडे करणारे लोक असत आणि डोक्यावर एक जाणता मुकादम असे. गावात एकट्याने दुकान थाटणाऱ्या वेल्डरचे तसे नसते. त्याच्याकडे सकाळी नांगराचा फाळ येतो, दुपारी लोखंडी फाटक, संध्याकाळी ट्रॉलीचा तुटलेला आस. त्याला तुकडा येऊन भागत नाही.

म्हणून मला वाटते, कोणत्याही धंद्याचे दोन भाग मनाशी वेगळे करावेत. एक भाग आटोपशीर करता येतो, दुसरा येत नाही. वेल्डिंगचेच घ्या. किती जाडीच्या रॉडला किती करंट ठेवावा, कोणत्या लोखंडाला कोणता रॉड लागतो, डोळ्यांची आणि हातांची काळजी कशी घ्यावी, हे आठ-पंधरा दिवसांत नीट सांगता येते. प्रौढ माणूस ते पोरापेक्षा लवकर समजतोसुद्धा, कारण त्याला कामाची शिस्त असते आणि चूक किती महाग पडते हे त्याने पाहिलेले असते. पण रॉडचे टोक लोखंडापासून नेमक्या अंतरावर स्थिर धरून हात एकसारखा पुढे नेणे, आवाजावरून जोड बसतो आहे की नाही हे ओळखणे, आणि तेच काम छताकडे मान वर करून करणे, हे सांगून येत नाही. त्याला शेकडो रॉड जाळावे लागतात. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात, ते येथे अक्षरशः खरे आहे. समज लवकर येते; हात आपल्याच वेळेने येतो.

जर्मनीत याचा चांगला विचार केलेला दिसतो. तेथे तरुण उमेदवाराला बहुतेक धंदे शिकायला तीन ते साडेतीन वर्षे लागतात. धंदा बदलू पाहणाऱ्या प्रौढाला साधारण एक तृतीयांश काळ माफ होतो. त्याचे शिक्षण दोन-सव्वादोन वर्षांत आटोपते, पण शेवटची परीक्षा मात्र तरुणाला असते तीच. म्हणजे अभ्यासक्रम आखूड केला, माप आखूड केले नाही. झटपट वर्गाची पारख करताना हा एक दाखला मनाशी ठेवण्यासारखा आहे.

आता निवड कशी करावी? काखेत कळसा आणि गावाला वळसा, असे पुष्कळदा होते. दहा वर्षे स्वतःच्या विहिरीवरचा पंप उघडून दुरुस्त करणारा कास्तकार मोबाइल दुरुस्तीच्या वर्गाला जाऊन बसतो, कारण शेजाऱ्याचा मुलगा तिकडे गेला. वास्तविक मोटार भरण्याचे, म्हणजे रिवाइंडिंगचे, निम्मे काम त्याच्या हाताला ठाऊक असते. मिलमधल्या फिटरला दुसऱ्या कारखान्यातली यंत्रे परकी वाटत नाहीत. वर्षानुवर्षे घरच्या कपड्यांची शिलाई करणारी बाई शिवणकामाच्या वर्गात पहिल्या बाकावर नसते, ती पाचव्या पायरीवर असते. तेव्हा आपल्या हाताला आधीच काय येते, याची आधी यादी करा. जुन्या कसबाला लागून असलेला धंदा निवडला, तर आखूड वर्ग खरोखर पुरतो. अगदीच परका धंदा निवडला, तर तो पुरत नाही.

कोठे जावे, हेही सांगतो. पुष्कळांचा समज असा, की आयटीआय ही पोरांचीच शाळा. तसे नाही. तेथे प्रवेशाला किमान वय चौदा वर्षे आहे, कमाल वयाची अट नाही. वेल्डर, नळकारागीर, सुतार हे अभ्यासक्रम एक वर्षाचे आहेत. फिटर आणि इलेक्ट्रिशियन दोन वर्षांचे. नागपुरात श्रद्धानंदपेठेत सरकारी आयटीआय आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी बँकांमार्फत ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था चालतात. तेथे थोड्या आठवड्यांचे वर्ग विनामूल्य असतात, आणि महत्त्वाचे म्हणजे वर्ग संपल्यावरही शिकलेल्याची दोन वर्षे विचारपूस करण्याची पद्धत आहे. कर्नाटकातल्या उजिरे गावी १९८२ साली सुरू झालेल्या एका संस्थेवरून हा नमुना देशभर घेतला गेला. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२३ मध्ये खेड्यापाड्यांसाठी ५११ कौशल्य केंद्रे सुरू करण्यात आली. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला सुरू झालेली पंतप्रधान विश्वकर्मा योजना सुतार, लोहार, कुंभार, गवंडी, शिंपी, चर्मकार अशा अठरा पारंपरिक धंद्यांसाठी आहे. तिच्यात पाच ते सात दिवसांचे प्राथमिक शिक्षण, त्या दिवसांत रोज ५०० रुपये विद्यावेतन, हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आणि पाच टक्के व्याजाने कर्ज, अशी तरतूद ठेवलेली आहे. लक्षात घ्या, पाच-सात दिवसांत कोणी सुतार होत नाही. ज्याला सुतारकी येते त्याला नवी हत्यारे आणि नव्या रीती दाखवण्यासाठी ते दिवस आहेत. तेवढे समजून गेले म्हणजे निराशा होत नाही.

याखेरीज पैसे घेऊन चालणारे खाजगी वर्ग पुष्कळ आहेत. त्यांतले काही चांगले असतात, काही केवळ भिंतीवर टांगायचा कागद देतात. पैसे भरण्यापूर्वी चार गोष्टी विचाराव्यात. रोज प्रत्यक्ष हातात हत्यार किती तास मिळेल? एका यंत्रामागे किती जण असतील? मागच्या तुकडीतले दोघे-तिघे कोठे काम करतात, त्यांना भेटता येईल का? आणि शेवटी परीक्षा कोण घेणार, वर्ग चालवणारा की बाहेरचा कोणी? या प्रश्नांची उत्तरे देताना जो कुरकुर करतो, त्याच्या दारातून परत फिरावे. विजेच्या कामाबाबत तर आणखी एक गोष्ट आहे. प्रमाणपत्र मिळाले म्हणजे लोकांच्या घरी वायरिंग करण्याचा अधिकार मिळाला असे होत नाही. त्यासाठी सरकारी परवाना लागतो. अर्थिंग चुकले तर एखाद्याच्या जिवावर बेततं, म्हणून तो नियम आहे.

आणखी एक लहानशी गोष्ट. आपल्या भाषेत चष्म्यालाच चाळिशी म्हणतात, ते उगीच नाही. या वयात जवळचे अंधूक दिसू लागते. बारीक तार गुंडाळायची, पट्टीवरचा मिलिमीटर वाचायचा, काळ्या काचेतून जोड पाहायचा, तर नजर हवी. वर्गात नाव घालण्याआधी डोळे तपासून घ्या. ‘मला जमत नाही’ म्हणून वर्ग सोडणाऱ्या एखाद्याला बुद्धी कमी पडलेली नसते, नुसता चष्मा हवा असतो.

येथे शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती आहे. प्रौढ माणूस पुष्कळदा हत्याराला भीत नाही, तो आकड्याला भितो. गवंडी पायाची आखणी करताना एका बाजूला तीन फूट, दुसऱ्या बाजूला चार फूट मोजतो आणि तिरकस अंतर पाच फूट आले की कोपरा गुण्यात आहे असे समजतो. हाच आपला शाळेतला काटकोन त्रिकोण. इंचाचे आठ सूत, तीन सुती सळई म्हणजे सुमारे दहा मिलिमीटर. हाच आपला अपूर्णांक. नकाशात एक सेंटिमीटर म्हणजे जागेवर अर्धा मीटर. हेच आपले प्रमाण. गावातल्या शाळेत आठवड्यातून दोन संध्याकाळी एवढेच शिकवले, तर आयटीआयच्या दारात गेलेला माणूस पहिल्याच महिन्यात परत येणार नाही. मात्र त्याला मुलासारखे शिकवू नये. पोरांसमोर चुकण्याची लाज या वयात फार असते. त्याला ‘बापू’, ‘भाऊ’ म्हणा, त्याच्याच कामातले उदाहरण घ्या, आणि वर उल्लेखिलेली चौथी पायरी, म्हणजे त्याला एकट्याने करू देण्याची, विसरू नका.

आता शेवटचा मुद्दा, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा. १९९२ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय नवीकरण निधी उभारला. बंद पडणाऱ्या उद्योगांतील कामगारांना भरपाई देणे आणि त्यांना नवे शिक्षण देऊन पुन्हा कामाला लावणे, असे त्याचे हेतू होते. प्रत्यक्षात त्यातला बहुतेक पैसा स्वेच्छानिवृत्तीच्या रकमा देण्यात गेला. पुनःशिक्षणाच्या वाट्याला थोडाच आला. रक्कम हातात येते तेव्हा मोठी दिसते. पण लग्न, दुखणे, घराचे पत्रे, यांत ती किती दिवस टिकते हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. सरकारने जी चूक मोठ्या प्रमाणावर केली, ती आपण घरच्या घरी करू नये.

म्हणून हिशेब करताना केवळ फीचा हिशेब करू नका. वर्ग तीन महिन्यांचा असला, तर त्यानंतरच्या एका वर्षाचा हिशेब मांडा. त्या वर्षी जाणत्या कारागिराच्या हाताखाली कमी मजुरीवर राहावे लागेल. ते दिवस घर कशावर चालेल? बायकोशी, वडील माणसांशी बसून हे आधी ठरवा. जनावरे विकून फी भरली आणि पुढच्या वर्षाला काही उरले नाही, तर माणूस अर्धे शिकून पुन्हा रोजमजुरीवर जातो, आणि मग ‘शिकून काय उपयोग’ असे गावभर होते. उलट एवढी तजवीज करून जो जातो, त्याचा हात त्या वर्षात बसतो, गिऱ्हाईक ओळखू लागते.

आखूड वर्ग हे धंद्याचे दार आहे. ते उघडून देण्याचे काम शाळेचे. आत गेल्यावर एक वर्ष टिकून राहण्याची सोय मात्र घराने आणि गावाने करायची असते. आपल्या गावात असा कोणी चाळिशीतला उमेदवार असेल, तर ‘या वयात हे काय’ असे त्याला म्हणू नका. आपल्या घरचे पहिले लहानसे काम त्याला सांगा, आणि मजुरी वेळेवर द्या.