दक्षिणेचं एकच शहर निवडायचं, तर कुठलं?

आजचा विषय एका भांडणातून आलाय. भांडण जेवणाच्या टेबलावरचं, म्हणजे फार सिरियस नाही, पण मला चार दिवस झोंबत होतं. प्रश्न असा: समजा परदेशातून कुणी आलं आणि म्हणालं, "मला दक्षिण भारत बघायचाय, पण वेळ एकाच शहरापुरता आहे." कुठे पाठवाल?

मी तीन शहरांत नोकरी केलीय. हैदराबाद, बेंगळुरू, चेन्नई, या क्रमाने. त्यामुळे मला वाटायचं की आपल्याला उत्तर माहीत आहे.

हैदराबाद मी आधीच बाद केलं. कारण पार्शल आहे, सांगून टाकतो. मी नांदेडचा. आमचे आजोबा उर्दू माध्यमात शिकले, कारण तेव्हा मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. 1948 ला संस्थान भारतात आलं, आणि 1956 ला राज्यांची फेररचना झाल्यावर आम्ही मुंबई राज्यात गेलो. हैदराबादेत रिक्षावाला "नक्को" म्हणाला की मला घरी आल्यासारखं वाटायचं. ते दख्खनचं शहर आहे. आपलंच. आता जिथे मला परकं वाटलंच नाही, त्याला मी "दक्षिण" कसं म्हणू?

बेंगळुरूत तीन वर्षं होतो. आमच्या अकरा जणांच्या टीममध्ये कन्नड बोलणारा एक. एक! मी तीन वर्षांत "कन्नडा गोत्तिल्ला" एवढंच नीट शिकलो, म्हणजे "कन्नड येत नाही" हे कन्नडमध्ये सांगायला. याची लाज वाटते, पण खरंय. चूक शहराची नाही. बसवनगुडी, मल्लेश्वरमकडे गेलात तर अस्सल कन्नड शहर आहेच. आम्ही व्हाईटफिल्डच्या पलीकडे गेलोच नाही.

मग चेन्नई. पहिल्या आठवड्यात ओएमआरवर शेअर ऑटोत बसलो आणि हिंदीत पत्ता सांगितला. ड्रायव्हरने शांतपणे मागे बघितलं आणि पुढे बघून गाडी चालवायला लागला. मी तीन स्टॉप पुढे उतरलो. त्या रात्री तमिळ आकडे पाठ केले. ओन्नु, रेण्डु, मूणु.

तर माझं उत्तर चेन्नई. पण "तिथे हिंदी चालत नाही" हे माझं कारण नाही. खरं कारण मला डिसेंबरमध्ये सापडलं. तिथे डिसेंबरमध्ये संगीताचा सीझन असतो, शहरभर सभागृहांत कच्चेरी चालू. ऑफिसमधल्या एका अक्कांनी मला ओढून नेलं. (तिथल्या कँटीनचं जेवण हे त्यांनी दाखवलेलं आमिष होतं.) मला राग कळत नाहीत, म्हणून मी भाषा मोजत बसलो. त्यागराजांची कृती तेलुगूत. पुरंदरदासांचं पद कन्नडमध्ये. केरळच्या स्वाती तिरुनाळ राजाची रचना संस्कृतमध्ये. शेवटी तमिळ. आणि समोर बसलेले बहुतेक तमिळ लोक तेलुगू कृतीवर मांडीवर ताल धरतायत! त्यागराज राहायचे तंजावरजवळ तिरुवैयारूला, आणि तेव्हा तंजावरच्या गादीवर आपले भोसले. डोकं गरगरलं माझं. अर्थात हे सगळं गोडीगुलाबीत चाललं असं नाही. 1940 च्या दशकात "तमिळ शहरात तमिळ गाणी का नाहीत?" म्हणून मोठी चळवळ झाली होती.

सिनेमाचंही तेच. कित्येक वर्षं तेलुगू, कन्नड, मल्याळम सिनेमे मद्रासच्या स्टुडिओंत बनायचे. एनटीआर तिथेच स्टार झाले. आणि बेंगळुरूचा मराठी घरातला बस कंडक्टर शिवाजीराव गायकवाड मद्रासला अभिनय शिकायला गेला आणि रजनीकांत झाला.

आता भांडण. हे सगळं मी माझ्या जुन्या हॉस्टेलच्या रूममेटला सांगत होतो. तो विजयवाड्याचा. बीटेकला आम्ही त्याला चार वर्षं "मद्रासी" म्हणायचो. तो हसायचा. मी माझं चेन्नईचं भाषण संपवलं, तर तो म्हणाला, "पोट्टी श्रीरामुलू माहीत आहे का तुला?"

मला माहीत नव्हतं. तेलुगू लोकांचं वेगळं राज्य व्हावं म्हणून त्यांनी मद्रासमध्ये उपोषण केलं आणि 15 डिसेंबर 1952 ला तिथेच गेले. पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये आंध्र राज्य झालं. मद्रास शहर आपल्याला मिळावं असंही तेलुगू लोकांना वाटत होतं. ते मिळालं नाही, राजधानी कर्नूलला करावी लागली. "आमचा माणूस मद्रासपासून वेगळं व्हायला मेला," तो म्हणाला, "आणि तुम्ही मला चार वर्षं काय हाक मारत होता?"

मी सॉरी म्हणालो. आठ वर्षं उशिरा. तो म्हणाला, "ठीक आहे रे, तेव्हा तुला माहीत नव्हतं." तेच तर वाईट वाटलं.

तरी माझं उत्तर अजून चेन्नईच आहे, हट्ट म्हणा. ज्या शहराशी चारही भाषांचं काही ना काही देणं-घेणं आहे, भांडणसुद्धा, असं दक्षिणेत मला दुसरं दिसत नाही. त्याला हे पटलं नाही. त्याने एकच विचारलं, "मग महाराष्ट्राचं शहर कुठलं? मुंबई? नांदेडकर, तू सांग."

मी वरणभात कालवत बसलो.

तुमचं उत्तर व्हॉइस नोटवर पाठवा. कोचीवाले, मदुराईवाले, म्हैसूरवाले, शिव्या चालतील, पण छोट्या. भेटू पुढच्या एपिसोडला.