भूकंपाचे मोजमाप आणि घराची भिंत



३० सप्टेंबर १९९३. गणेश विसर्जन आटोपून गावे निजली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर-धाराशिव सीमेवरील किल्लारी-सास्तूर परिसर हादरला आणि सुमारे १०,००० माणसे मृत्युमुखी पडली. त्या भूकंपाची महत्ता ६.२ होती. जगात याहून मोठे भूकंप दरवर्षी होतात आणि त्यांतील कित्येकांत प्राणहानी होत नाही. मग किल्लारीतच एवढा अनर्थ का ओढवला?

पृथ्वीचे कवच अखंड नाही; ते अनेक भूपट्टांचे बनलेले आहे. भारताचा भूपट्ट दरवर्षी सुमारे ५ सेंटिमीटर सरकत उत्तरेकडील युरेशियाच्या भूपट्टाला रेटत असतो. या रेट्याचा मोठा भार हिमालय सोसतो. पण दख्खनच्या पोटातील खडकांतही ताण साठतो. वाकवलेली छडी सहनशक्ती संपताच मोडते, तसा खडक एखाद्या जुन्या भेगेवर एकाएकी सरकतो. मुक्त झालेली ऊर्जा लहरींच्या रूपाने चोहीकडे धावते.

या लहरीच भूकंपाचे स्थान सांगतात. प्राथमिक लहर खडकातून सेकंदाला सुमारे ६ किलोमीटर धावते, तर दुय्यम लहर सुमारे साडेतीन. भूकंपमापकावर दोहोंच्या आगमनात १० सेकंदांचे अंतर पडले, तर भूकंप साधारण ८० किलोमीटरवर झाला, असे गणित मांडता येते. मात्र त्यावरून दिशा कळत नाही. म्हणून किमान तीन वेधशाळांभोवती आपापल्या अंतराची वर्तुळे काढतात. ती जेथे एकत्र येतात, तेथे भूकंपाचे केंद्र.

मोजमापाविषयी मात्र बराच गैरसमज आहे. महत्ता म्हणजे उगमापाशी मुक्त झालेल्या ऊर्जेचे माप. १९३५ मध्ये चार्ल्स रिश्टर यांनी त्याची श्रेणी मांडली. आज मोठ्या भूकंपांसाठी त्याहून सुधारित मापन वापरतात. श्रेणीत एक अंक वाढला की ऊर्जा सुमारे ३२ पट वाढते. तीव्रता ही निराळी गोष्ट. ढोलावर टिपरू एकच पडते, पण आवाज जवळच्या घरात मोठा आणि दूरच्या घरात मंद ऐकू येतो. तसेच महत्ता एकच असली तरी तीव्रता गावोगाव बदलते.

किल्लारीचा उगम भूपृष्ठाखाली फार खोल नव्हता. त्यामुळे वरच्या गावांना बसलेला हादरा प्रखर होता. त्यात घरे जाड दगड-मातीच्या भिंतींची, वर मातीचे जड माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारी तीच भिंत त्या पहाटे निजलेल्यांवर कोसळली. मातीच्या सांध्याने दगड धरून ठेवले नाहीत; भिंतीचे आतले-बाहेरचे थर बांधणारे आरपार दगडही बहुधा नव्हते.

भूकंपाचा दिवस आणि घटका शास्त्र आजही सांगू शकत नाही. घर कसे बांधावे, हे मात्र ते निःसंदिग्धपणे सांगते. जोते, दारे-खिडक्यांचा माथा आणि छत या पातळ्यांवर घराभोवती सलग सळईयुक्त काँक्रीटचे पट्टे हवेत, कोपरे घट्ट सांधलेले हवेत, छत हलके हवे. या गोष्टी गावच्या गवंड्यालाही जमण्याजोग्या आहेत.

आपत्तीनंतर धावून जाणे हा आपल्या समाजाचा स्वभावच आहे. पण ढिगारे उपसणाऱ्या हातांनी आपल्या वस्तीतील एक जुनी भिंत वेळीच बळकट केली, तर तीही तितकीच मोठी सेवा ठरेल.