बालवाडीची बाई व्हायचे आहे
(संस्थेच्या गुणवंत विद्यार्थी सत्कार समारंभात बालवाडीच्या शिक्षिकांनी केलेले भाषण)



बालवाडीच्या बायकांना या व्यासपीठावर बोलावले याबद्दल प्रथम संस्थेचे आभार. एरवी या दिवशी इथे डॉक्टर, इंजिनिअर, अधिकारी बोलतात आणि आम्ही दोघी मागे चहा-नाश्त्याचे बघतो. गेल्या वर्षी बारावीला चांगले गुण मिळवलेल्या एका मुलीला पाहुण्यांनी विचारले, "पुढे काय होणार?" ती म्हणाली, "बालवाडीची बाई." सभागृह हसले. रागावू नका, पण आपल्यापैकीच काहीजण हसले. तिच्या वडिलांची मान खाली गेली. त्या हसण्याला उत्तर द्यावे म्हणून आज आम्ही उभ्या आहोत.

वडिलांचे दुःख आम्हाला कळते. ज्यांच्या आजा-पणजाला अक्षर दिसू दिले नाही, त्यांनी आपल्या मुलीने मोठ्या खुर्चीत बसावे असे म्हटले तर त्यात काय चुकले? आमचे म्हणणे इतकेच आहे, की उद्या त्या खुर्चीत बसणारे मूल आज तीन वर्षांचे आहे आणि सकाळचे तीन तास ते आमच्यापाशी असते.

एक प्रसंग सांगतो. दोन वर्षांपूर्वी एक मुलगा नव्याने आला. घरून पोत्याचे बस्कर घेऊन आला आणि सर्वांच्या मागे, दाराशी टाकून बसला. आम्ही त्याला पुढे बोलावले, तर म्हणाला, "आजी म्हणली, कुणाला लागून बसू नको." आमच्या बालवाडीत त्याला दूर बस म्हणणारे कोणीच नव्हते. आजी तिच्या लहानपणी शाळेच्या ओसरीत तशी बसली होती, ते तिने नातवाला बांधून दिले होते. परमपूज्य बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये आपल्या गोणपाटाविषयी लिहिले आहे. शाळेत वेगळे बसायचे, आणि ते गोणपाट संध्याकाळी घरी न्यायचे, सकाळी परत आणायचे. हे सर्व आम्ही वाचले होते. पण ते बस्कर तीन वर्षांच्या मुलाच्या काखेत पाहिले तेव्हा आम्हा दोघींना बोलता येईना.

आम्ही त्याला काही समजावले नाही. आमच्यातली एक उठून त्याच्या शेजारी दाराशी बसली आणि तिथेच गाणे सुरू केले. मुले गाण्याच्या मागे जातात. सगळी तिकडे सरकली. दुसऱ्या दिवशी तसेच, तिसऱ्या दिवशी तसेच. तिसऱ्या आठवड्यात बस्कर घरी राहिले. या कामाला परीक्षेत गुण नाहीत.

लहान मुलाला शब्दाने कमी कळते, वस्तूने जास्त कळते. तथागतांनी राहुलाला हेच केले. भांड्यात थोडेसे पाणी ठेवून ते दाखवले, मग ते फेकून दिले, मग भांडे पालथे घातले, आणि जाणूनबुजून खोटे बोलणाऱ्याचे श्रमणत्व असे असते हे सांगितले. आरसा कशासाठी असतो, असेही विचारले. परंपरा सांगते की राहुल तेव्हा सात वर्षांचा होता. आम्ही प्रशिक्षणात 'शैक्षणिक साधने' हा पाठ शिकलो तेव्हा आम्हाला हे सुत्त आठवले.

महाराष्ट्रात हे काम ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी उभे केले. १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी पाड्यांत गेले. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच पाड्याच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. माँटेसोरीची महागडी साधने परवडत नव्हती, म्हणून बिया, शंख-शिंपले, पाने, खडे वापरले. आमच्याकडेही चिंचोके आणि बाटल्यांची झाकणे आहेत. बिघडत काहीच नाही.

आता विद्यार्थ्यांनी नीट ऐकावे. घटनेच्या मूळ कलम ४५ मध्ये चौदा वर्षे पूर्ण होईपर्यंत सर्व मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचे म्हटले होते. खालची वयोमर्यादा तिथे नव्हती. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांचा मूलभूत हक्क झाला, ही मोठी गोष्ट झाली. पण सहा वर्षांखालचे मूल मार्गदर्शक तत्त्वातच राहिले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा एकच पायाभूत टप्पा मानला, तरी हक्क अजून तिथेच अडला आहे. ज्याच्या घरी पैसा आहे त्याचे मूल नर्सरीत जाते. आपल्या वस्तीतले मूल सहाव्या वर्षी पहिलीत बसते, तेव्हा शर्यत अर्धी झालेली असते.

पैशाचेही खरे सांगतो. अंगणवाडीची योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली, पण सेविकेला आजही पगार नाही, मानधन आहे. ग्रॅच्युइटीचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला तो २०२२ साली, तोही भगिनी कोर्टात लढल्या तेव्हा. आमचे मानधन तर संस्थेच्या वर्गणीवर चालते. ते किती, हे खजिनदारांना ठाऊक आहे. म्हणून आम्ही कोणत्याही मुलीला त्यागाचे पाठ देणार नाही. आवड असेल तर शिकून या. बारावीनंतर दोन वर्षांची डी.एल.एड. पदविका आहे, इग्नूचा बालसंगोपन व शिक्षणाचा पदविका अभ्यासक्रम घरी राहून करता येतो. आणि मुलग्यांनो, तुम्ही का हसता? मुलाला गोष्ट सांगायला बाईच लागते असे कुठे लिहिले आहे?

गेल्या वर्षीची ती मुलगी पदविकेच्या पहिल्या वर्षाला आहे. सुट्टीत आमच्याकडे येते. मुलांची घरची बोली ती दुरुस्त करीत नाही, आधी ऐकून घेते. हे आम्हाला शिकायला पाच वर्षे लागली. तिचे वडील परवा आले. बोलले काही नाही. खेळण्यांच्या कपाटाची बिजागरी सुटली होती, ती बसवून गेले.

जाता जाता पदाधिकाऱ्यांना दोन विनंत्या. शिष्यवृत्तीच्या यादीत दरवर्षी एक नाव बालशिक्षण शिकणाऱ्याचे असावे. आणि विहाराच्या मागच्या खोलीची चावी आम्हाला नऊऐवजी साडेआठला मिळावी. मुले आधीच येऊन पायरीवर बसलेली असतात.

जयभीम.