मालक सतरा वर्षांचा, पोऱ्या पंचेचाळिशीचा

(रावेरच्या अभ्यासवर्गातलं भाषण)



आज वाचायचं नाटक दक्षिण आफ्रिकेतलं आहे. पण रावेरात बसून ते परकं वाटणार नाही. ॲथॉल फुगार्ड या गोऱ्या नाटककाराचं 'मास्टर हॅरॉल्ड अँड द बॉईज'. १९८२ साली ते पहिल्यांदा अमेरिकेत रंगमंचावर आलं.

नाटकातला काळ १९५० चा. त्याच साली आपल्याकडं घटना अमलात आली, सतराव्या कलमानं अस्पृश्यता कागदावर संपली. आणि तिकडं वर्णभेदाचे कायदे होत होते. जागा, पोर्ट एलिझाबेथमधलं चहाचं दुकान. मालकिणीचा पोरगा हॅली, वय सतरा. सॅम आणि विली हे काळे नोकर पंचेचाळिशीचे. तरी नावात 'बॉईज', म्हणजे पोऱ्येच. हॉटेलातला पोऱ्या कधी वयात येतो का, सांगा!

हॅलीला घडवलं सॅमनं. बाप दारुडा. त्याला बारमधून पाठीवर घालून सॅमनं घरी आणलं. पोराची मान शरमेनं खाली गेली. ती वर व्हावी म्हणून सॅमनं पतंग करून दिला, टेकडीवर नेऊन उडवायला लावला. पतंग चढला आणि सॅम निघून गेला. का? पोरगं ज्या बाकावर बसलं होतं, तो बाक फक्त गोऱ्यांचा होता.

हॅली शाळेची पुस्तकं सॅमपुढं उघडतो आणि समजतो, मीच याचा मास्तर. पण बाप दवाखान्यातून परत येणार हे कळताच त्याचा सगळा राग सॅमवर निघतो. मला 'मास्टर हॅरॉल्ड' म्हण, असा हुकूम सोडतो. शेवटी सॅमच्या तोंडावर थुंकतो.

आपल्या केळीच्या बागेतला सालदार आठवा. मालकाच्या पोराला तो खांद्यावर खेळवतो. मिसरूड फुटलं की तेच पोरगं त्याला अरेतुरे करतं, आणि हा त्याला 'छोटे मालक' म्हणतो. जात पोराला फुकटचं मोठेपण देते. म्हणून ते माणूस म्हणून मोठं होतच नाही.

थुंकीचं म्हणाल, तर बाबासाहेबांनी १९३६ च्या 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये पेशवाईतलं गळ्यातलं मडकं नोंदवलंय. सॅमवर दुसऱ्याची थुंकी पडली. आपल्या बापजाद्यांच्या गळ्यात त्यांचीच थुंकी बांधली.

फुगार्डचं पूर्ण नाव हॅरॉल्ड ॲथॉल. लहानपणी आईच्या चहाच्या दुकानातल्या सॅम नावाच्या नोकरावर तो खरंच थुंकला होता. ती लाज त्यानं नाटकात मांडली. हा प्रामाणिकपणा मी मानतो. पण या नाटकात मोठं व्हायचंय ते हॅलीला. सॅमचा अपमान हा हॅलीचा धडा.

आपलं नाटक दुसऱ्या टोकानं सुरू झालं. १८५५ साली जोतीबांनी 'तृतीय रत्न' लिहिलं. दक्षिणा प्राइझ कमिटीनं नाकारलं. छापून यायला १९७९ उजाडलं. त्यात जोशीबुवानं लुबाडलेले कुणबी नवरा-बायको शेवटी रात्रीच्या शाळेची वाट धरतात. नागवला गेलेला माणूस इथं स्वतः मोठा होतो. दत्ता भगतांच्या 'वाटा-पळवाटा'त काका, सतीश, अर्जुन या आपल्याच तीन पिढ्या एकमेकांना जाब विचारतात. गुरू घरातला, आणि त्यालाही प्रश्न करता येतो.

सॅम शेवटी म्हणतो, पुन्हा पतंग उडवून बघू. हा त्याचा मोठेपणा. पण छोट्या मालकांना माणूस करण्याचं काम आता मालकांच्या घरानंच करावं. आपल्या वस्तीतली पोरं अजून टेकडीखाली उभी आहेत.

पुढच्या रविवारी 'वाटा-पळवाटा'. अर्जुन कोण वाचणार, काका कोण, ते आजच ठरवा.