मत आणि कारण : वरच्या वर्गांतील निबंधलेखन



निबंधाच्या वह्या तपासणे हे आपल्या व्यवसायातील सर्वांत कंटाळवाणे काम होय, अशी तक्रार मी वारंवार ऐकतो, आणि ती खोटी आहे असे मला म्हणवत नाही. एका शाळेत इयत्ता सातवीच्या ३८ वह्या मी पाहिल्या. सर्वांचे पहिले वाक्य एकच होते आणि शेवटचेही एकच. ज्या गावाला फाल्गुनापासून टँकरची वाट पाहावी लागते, त्या गावच्या मुलांनी समुद्रकिनाऱ्यावरील सूर्योदयाचे अलंकारिक वर्णन केले होते. असा मजकूर पूर्वी तयार निबंधांच्या पुस्तकांतून येई. आता तो मोबाईलवरूनही येतो, इतकाच फरक. अक्षर सुबक होते, ऱ्हस्वदीर्घ बहुतांशी बिनचूक होते, गुणही सढळ हाताने दिलेले होते; परंतु त्या ३८ वह्यांत निबंध म्हणावा असा एकही नव्हता.

वर्णनात्मक निबंध आणि फाटक्या छत्रीचे आत्मवृत्त यांचे लाड आपण आजवर पुष्कळ केले आहेत. त्यांना आज बाजूस ठेवू. एखादी गोष्ट समजावून सांगणारा निबंध आणि एखादी बाजू मांडणारा निबंध, या दोहोंविषयीच मला बोलावयाचे आहे. कारण या दोहोंत उसनवारी चटकन उघडी पडते.

समजावून सांगण्यासाठी विषय मुलाच्या डोळ्यांसमोरचा असावा. ‘भाकरी कशी करतात’ हा विषय देऊन पाहा. वर्गातील प्रत्येक मुलाने ही क्रिया शेकडो वेळा पाहिलेली असते. तथापि ती क्रमाने सांगता येणारी मुले थोडी निघतात. कोणी भाकरी तव्यावर टाकण्यापूर्वीच तिच्यावर पाणी फिरवितो, तर कोणी न उलटताच ती निखाऱ्यावर नेतो. अशा वेळी चूक दुरुस्त करून देऊ नये. मुलाचे लेखन वर्गात मोठ्याने वाचावे आणि दुसऱ्याने त्याबरहुकूम हातांनी नुसता अभिनय करावा. क्रम कोठे बिघडला ते हशा पिकताच सर्वांना कळते. क्रम बसला म्हणजे पुढची पायरी ‘का’ ही होय. जोंधळ्याच्या पिठात ऊन पाणी का घालतात? गव्हाच्या कणकेला जसा चिवट ताण येतो तसा या पिठाला येत नाही; ऊन पाण्याने ते थोडे चिकट होते आणि थापताना भाकरी चिरत नाही. ती फुगते का? वरचा व खालचा पापुद्रा धरला की आतल्या पाण्याची वाफ त्यांना दूर सारते म्हणून. ही दोन उत्तरे मुलाने घरी आईला किंवा आजीला विचारून, मग विज्ञानाच्या तासाशी ताडून आणली, तर त्याच्या दहा ओळींना मी उसन्या चार पानांहून अधिक मोल देईन.

येथे ‘कारण’ आणि ‘म्हणून’ या दोन शब्दांचा विशेष विचार करावा लागतो. आपण ती उभयान्वयी अव्यये म्हणून व्याकरणाच्या तासाला शिकवितो आणि तेथेच सोडतो. वस्तुतः निबंधाचा कणा तीच आहेत. ‘या विहिरीचे पाणी खारट आहे, कारण ते कोणी पीत नाही’ असे वाक्य मुलगा सहज लिहून जातो. येथे ‘म्हणून’ हवे हे त्याला फळ्यावर दोन्ही वाक्ये शेजारी लिहून दाखवावे. ‘मांजर आडवे गेले, म्हणून एस. टी. चुकली’ हे वाक्य त्याहून फसवे आहे. व्याकरण निर्दोष, पण विचार पांगळा. आधी घडले म्हणजे त्यामुळे घडले असे नव्हे, हे बारा वर्षांच्या मुलाला उत्तम समजते. अंधश्रद्धेवर वेगळे व्याख्यान देण्याची मग फारशी गरज उरत नाही.

वादाच्या निबंधाची परंपरागत शीर्षके ‘शाप की वरदान’ या साच्याची असतात. मला हा साचा आवडत नाही. मुलगा अर्धे पान शापाला देतो, अर्धे वरदानाला देतो आणि ‘अति तेथे माती’ म्हणून मोकळा होतो. त्याला काहीच ठरवावे लागत नाही. त्याऐवजी गावापुढे खरोखर असलेला प्रश्न द्यावा : जुनी विहीर उपसावी की नवी कूपनलिका घ्यावी? एका मुलीने यावर सहाच ओळी लिहिल्या होत्या. कूपनलिकेचा पंप बिघडला की तालुक्याहून माणूस येईपर्यंत तिला व तिच्या आईला ओढ्यावर जावे लागते, आणि विहीर मात्र पोहऱ्याने शेंदता येते, एवढेच तिचे म्हणणे होते. ओळी कमी आणि शुद्धलेखनाच्या चुका पाच, म्हणून तिला दहापैकी तीन गुण मिळाले होते. मत, त्यामागचे कारण आणि कारणाला अनुभवाचा आधार, ही तिन्ही त्या सहा ओळींत होती. त्या तीन गुणांनी तिला काय शिकविले असेल, याचा विचार आपण करावा.

तिच्या लेखात एक उणीव होती, ती पूर्वपक्षाची. आपल्या शास्त्रग्रंथांत प्रतिपक्षाचे म्हणणे आधी मांडून मग त्याचे खंडन करण्याची पद्धत आहे. उन्हाळ्यात विहीर आटते, उघड्या पाण्यात पालापाचोळा पडतो, हे दुसऱ्या बाजूचे म्हणणे तिने लिहावयास हवे होते; तेही असे की, कूपनलिकेच्या बाजूच्या मुलाने ऐकून ‘होय, मला हेच म्हणावयाचे आहे’ असे म्हणावे. यासाठी लेखनापूर्वी एक तास तोंडी वाद घ्यावा आणि मध्येच बाजू बदलावयास सांगावी. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ मध्ये ‘निबंधमाला’ सुरू केली, तेव्हा तेही शाळेत शिक्षकच होते. आणि आगरकरांनी १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला तो वाद घालण्यासाठीच. मराठी गद्य असे वादातून वाढले आहे. आज आपल्या बाकांवर बसलेली मुले वयाच्या अठराव्या वर्षी ग्रामसभेची सदस्य होतील, आणि तेथे विहिरीचा प्रश्न खरोखरच निघेल.

तपासणीविषयी थोडेसे. द्विशिक्षकी शाळेत तीन-चार वर्ग सांभाळून प्रत्येक वहीतील प्रत्येक चूक लाल शाईने दाखविणे शक्य नाही, आणि इष्टही नाही. एका वेळी एकच गोष्ट पाहावी : या आठवड्यात क्रम, पुढच्या आठवड्यात कारण, त्यानंतर पूर्वपक्ष. शुद्धलेखनाचे गुण निराळे ठेवावेत. समासात शेऱ्याऐवजी ‘हे तुला कसे कळले?’ एवढा एकच प्रश्न लिहावा आणि त्याचे उत्तर त्याखाली मुलाकडून लिहून घ्यावे.

पुढील संमेलनास येताना प्रत्येकाने तीन वह्या आणाव्यात. त्या वर्गातील उत्कृष्ट नसाव्यात. ज्यांना किती गुण द्यावे हे आपणांस ठरविता आले नाही, अशाच आणाव्यात. मुलांची नावे झाकून आपण त्या येथे एकत्र तपासू.