बुरशी आणि शरीराचे पहारेकरी
(वार्षिक संमेलनातील भाषण)



कोकणातला पावसाळा काय करतो हे आपणांस सांगायला नको. कपाटातल्या चपला, पेटीतली पुस्तके, झाकून ठेवलेली भाकरी, चार दिवसांत सर्वांवर बुरशी चढते. मग हीच बुरशी माणसावर का चढत नाही? तिचे बीजाणू हवेत सर्वत्र असतात, श्वासाबरोबर ते आपण रोज आत घेतो, आणि तरीही धडधाकट राहतो. हे कसे घडते, एवढेच आज सांगणार आहे.

पहिले उत्तर अगदी साधे आहे. आपले रक्त उष्ण आहे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हजारो बुरश्यांची वाढ निरनिराळ्या तापमानांत तपासण्यात आली. ३० ते ४० अंश सेल्सिअसच्या दरम्यान एकेक अंश वाढला की सुमारे ६ टक्के जाती गळतात, असे तीत आढळले. थंड रक्ताच्या बेडकांना हे कवच नाही. बुरशीच्या साथीने जगभर बेडकांच्या कित्येक जाती नष्टप्राय झाल्या आहेत.

पण ३७ अंशांतही तग धरणाऱ्या बुरश्या आहेतच. त्यांच्यासाठी पहारेकरी लागतात. हे पहारेकरी बुरशीशी झुंजताना दिसले ते रशियन प्राणिशास्त्रज्ञ मेचनिकॉफ यांना, आणि तेही पाण्यातल्या एका पिसवेत! डॅफ्निया हा टाचणीच्या डोक्याएवढा जीव पारदर्शक असल्याने त्याच्या पोटात काय चालले आहे ते सूक्ष्मदर्शकातून सरळ पाहता येते. बुरशीचे सुईसारखे बीजाणू त्याच्या आतड्याची भिंत भेदून शरीरात शिरतात, आणि लगेच फिरत्या पेशी त्यांना घेरून गिळू लागतात. पेशी जिंकल्या तर पिसू वाचते, हरल्या तर मरते. हे निरीक्षण त्यांनी १८८४ साली प्रसिद्ध केले. १९०८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, ते याच भक्षकपेशींच्या संशोधनाबद्दल.

आता प्रश्न असा की, पेशीला परका ओळखतो कसा? बुरशीच्या पेशीभोवती एक भिंत असते. त्या भिंतीत बीटा-ग्लुकन नावाची शर्करासाखळी असते, जी आपल्या शरीरात कोठेच तयार होत नाही. तिला पकडणारा ‘डेक्टिन-१’ हा ग्राहक रेणू भक्षकपेशींवर असल्याचे २००१ साली ऑक्सफर्ड येथे सिद्ध झाले. त्याआधी, १९९६ मध्ये, स्ट्रासबर्गच्या प्रयोगशाळेत ‘टोल’ नावाचे जनुक बिघडलेल्या फळमाश्या बुरशीने मेलेल्या आढळल्या होत्या. त्या संशोधनाचे प्रमुख हॉफमन २०११ च्या नोबेलचे एक मानकरी झाले. पिसू काय, माशी काय, मोठ्या गोष्टी अशा क्षुद्र जीवांकडून कळतात, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावे.

ओळख पटली की न्यूट्रोफिल या श्वेतपेशी धावतात. बीजाणू लहान असेल तर त्या तो गिळतात आणि आत तीव्र ऑक्सिजन-रसायनांचा मारा करतात. ज्या बालकांत हा मारा करणारे एन्झाइम जन्मतःच सदोष असते, त्यांच्या फुप्फुसांत अ‍ॅस्परजिलससारखी सामान्य बुरशीही घातक ठरते. बीजाणूला अंकुर फुटून लांब तंतू झाला असेल तर तो गिळवत नाही. तेव्हा ही पेशी स्वतःच्या डी.एन.ए.चे जाळे बाहेर फेकून त्यात शत्रूला अडकवते, आणि पुष्कळदा त्यातच स्वतः मरते. हे जाळे २००४ साली प्रथम वर्णिले गेले.

हे सर्व पुस्तकी वाटत असेल तर २०२१ साल आठवा. करोनाच्या दुसऱ्या लाटेमागोमाग देशात म्युकरमायकोसिसचे ४५ हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले, आणि त्यांत महाराष्ट्र व गुजरात पुढे होते. लोक तिला ‘काळी बुरशी’ म्हणू लागले. वस्तुतः काळी असते ती मृत झालेली पेशीजाल. बुरशी रक्तवाहिन्यांत शिरून रक्त अडवते म्हणून ती काळवंडते. ही बुरशी काही नवी नव्हती. पहारेकरी तेवढे झोपले होते. स्टेरॉइडमुळे भक्षकपेशींना बीजाणू दाबून ठेवता येत नाही. रक्तातली साखर भडकली की न्यूट्रोफिल सुस्तावतात, आणि रक्त आम्लधर्मी झाले की बांधून ठेवलेले लोह सुटून बुरशीला आयतेच मिळते.

माझ्या परिचयाचे एक गृहस्थ घरीच बरे होत होते. पाच दिवसांसाठी लिहून दिलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्यांनी बरे वाटते म्हणून त्यांनी त्या तीन आठवडे घेतल्या. आपल्याला मधुमेह आहे हे त्यांना ठाऊकच नव्हते. गाल बधिर झाला, दात हलू लागले, तरी दाताचेच दुखणे समजून आठवडा गेला. जीव वाचला, उजवा डोळा मात्र काढावा लागला. आजही ते दुकानावर बसतात. उजवीकडून गिऱ्हाईक आले की मुलगा हाक मारून सांगतो.

आता आपल्या घरातली गोष्ट. गजकर्ण झाले की आपण दुकानातून मलमाची नळी आणतो आणि दोन दिवसांत खाज थांबते. पुष्कळ नळ्यांत बुरशीनाशकाबरोबर स्टेरॉइडही मिसळलेले असते. खाज आणि लाली ही आपल्याच पहारेकऱ्यांची धावपळ असते. स्टेरॉइड ती थांबवते, बुरशी मात्र आत पसरत राहते. नेहमीच्या औषधांना दाद न देणारे गजकर्ण अलीकडे आपल्या देशात फार वाढले आहे, आणि या मिश्र मलमांकडे त्वचारोगतज्ज्ञ बोट दाखवतात. म्हणून आज घरी गेल्यावर नळीवरची बारीक अक्षरे चष्मा लावून वाचा. ‘बीटामेथासोन’ किंवा ‘क्लोबेटासॉल’ हे नाव दिसले तर ती नळी घेऊनच डॉक्टरांकडे जा. मात्र दम्यासाठी वा अन्य आजारासाठी डॉक्टरांनी ज्यांना स्टेरॉइड दिले आहे, त्यांनी माझे भाषण ऐकून ते एकाएकी बंद करू नये; त्याचे प्रमाण हळूहळूच उतरवावे लागते, आणि ते काम डॉक्टरांचे आहे.